काशीवासी महाराष्ट्रीय वृद्धांचा योगक्षेम

महाराष्ट्र आणि काशी यांच्या संबंधाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें लिखाण बहुधा दोन गोष्टींभोंवतीं फिरतें. एक पंडितांचीं घराणीं आणि दुसरी दगडी घाट. कोणत्या भट्टांनीं कोणता ग्रंथ रचिला आणि कोणत्या सरदारानें कोणत्या घाटाच्या पायऱ्या बांधिल्या, हें आतां बरेंच ज्ञात झालें आहे. मात्र ज्या माणसांसाठीं हे घाट बांधले गेले त्यांतील एक मोठा वर्ग अद्याप इतिहासकारांच्या नजरेस नीट आलेला नाहीं. प्रपंच मुलाच्या स्वाधीन करून, देशांतील अथवा कोंकणांतील घर सोडून, देह ठेवण्याच्या इच्छेनें काशीस गेलेले वृद्ध, हा तो वर्ग होय. मरणाच्या तयारीनें गेलेला माणूस लगेच मरतो असें नाहीं. तो दहा वर्षें जगतो, पंधरा वर्षें जगतो. तेवढ्या काळांत त्याला रोज दोन प्रहरीं जेवावें लागतें, थंडींत पांघरूण लागतें आणि ज्वर आला तर कोणी पाणी देणारा लागतो. हें सर्व त्या परक्या मुलखांत कोण करीत असे, एवढाच प्रश्न या निबंधांत आम्हीं घेतला आहे. निवृत्तीनंतर स्वदेश सोडून दूर राहणाऱ्या वृद्धांची व्यवस्था कोणी लावावी, ही चर्चा हल्लीं बरीच ऐकूं येते आणि ती अगदीं नवी आहे अशा समजुतीनें केली जाते, म्हणूनहि या प्रश्नाकडे पाहणें अवश्य वाटलें.

काशीला परका मुलूख म्हणावें काय, अशी शंका कोणी घेईल. श्रद्धेच्या दृष्टीनें ती परकी कधींच नव्हती. राज्याच्या दृष्टीनें मात्र ती सदैव परकीच राहिली. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, पण काशी व प्रयाग हीं क्षेत्रें त्यांच्या अमलाखालीं आलीं नाहींत. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५९ मध्यें शिंद्यांना उत्तरेकडील कामें लिहून पाठविलीं, त्यांत हीं क्षेत्रें शुजाउद्दौल्याकडून मिळविण्याचा विषय होता. दोन वर्षांनीं पानिपत झालें आणि तो विषय तेथेंच राहिला. अयोध्येच्या नबाबाकडून बनारसची जमिनदारी इ. स. १७७५ मध्यें कंपनीकडे गेली. म्हणजे अठराव्या शतकांत काशींत राहणारा पुण्याचा अथवा साताऱ्याचा म्हातारा हा प्रथम नबाबाच्या व पुढें इंग्रजांच्या मुलखांतील उपरा रहिवासी होता. तेथील नाणें निराळें, बाजारची भाषा निराळी, चौकीवरचा अंमलदार निराळा.

शास्त्रदृष्ट्याहि यात्रा आणि वास या दोहोंत भेद आहे व तो येथें महत्त्वाचा आहे. यात्रिक हा अतिथि. त्रिस्थळी करून तो परत जातो; त्याची सोय चार दिवसांची, फार तर चातुर्मासाची. काशीवासी तसा नव्हे. त्यांतून ज्यानें क्षेत्रसंन्यास घेतला त्याला पंचक्रोशीची सीमा ओलांडण्याचीहि मोकळीक राहत नाहीं. घरीं कोणी आजारी आहे, नातवाचें लग्न आहे, शेताचा तंटा लागला आहे, अशा कोणत्याहि निमित्तानें त्यानें परतावयाचें नाहीं. निबंधकारांनीं वानप्रस्थाश्रमाची गणना कलिवर्ज्यांत केली. त्यामुळें गृहस्थाश्रम संपल्यावर आणि संन्यास घेण्यापूर्वीं वृद्धानें काय करावें याला शास्त्रांत नीटसें उत्तर उरलें नव्हतें. आमच्या मतें काशीवासानें ती रिकामी जागा भरून काढली. अरण्यांत जाणाऱ्याची चिंता अरण्यानें करावी, पण नगरांत जाऊन बसणाऱ्याची चिंता कोणा तरी माणसाला करावी लागते.

ही चिंता करणारीं माणसें काशींत पूर्वींपासून होतीं. पैठणचें रामेश्वरभट्टांचें घराणें सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच तेथें स्थायिक झालें होतें. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनीं प्रयाग, काशी व गया या तिन्ही क्षेत्रांच्या विधींवर त्रिस्थलीसेतु रचिला. पणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट इ. स. १६७४ मध्यें रायगडीं राज्याभिषेकास आले. एकनाथांनीं आपल्या भागवतटीकेची समाप्ति शके १४९५ मध्यें, म्हणजे इ. स. १५७३ मध्यें, वाराणसींतच केली. दक्षिणेंतून येणारास आपली बोली बोलणारें एखादें घर तेथें सांपडेल अशी स्थिति शिवपूर्वकाळींच होती हें यावरून उघड आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनीं काशींत वस्ती केली आणि ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत महाराष्ट्रीयांचीं घरें दाट होत गेलीं. घाटाच्या दगडापेक्षां या गल्ल्यांचें महत्त्व आम्हांस अधिक वाटतें. वृद्ध माणसाला राजाश्रय दूरचा, शेजार जवळचा.

आतां पैशाकडे वळूं, कारण सर्व योगक्षेमाचें मूळ तेथें आहे. सुस्थितींतील घराण्यांतून काशीवासी वडिलांस अथवा आईस सालीना नेमणूक लावून देत. ही नेमणूक रोख पाठविणें शक्य नव्हतें. वाटेवर पेंढारी, चौक्या व जकाती. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई इ. स. १७३५ च्या फेब्रुवारींत पुण्याहून निघाल्या त्या १७३६ च्या जूनच्या आरंभीं परतल्या. त्यांची बडदास्त सवाई जयसिंगानें ठेविली आणि महंमदखान बंगशासारख्या प्रतिपक्षाच्या माणसानेंहि त्यांच्या प्रवासास साह्य केलें. पेशव्यांच्या आईला एवढा काळ व एवढा बंदोबस्त लागला, तर सामान्य कुळकर्ण्याची अथवा भिक्षुकाची रक्कम कशी पोंचावी? ती हुंडीनें पोंचे.

हुंडीची रीत आमच्या वाचकांस ठाऊक असली, तरी वृद्धाच्या बाजूनें ती पाहण्यासारखी आहे. मुलगा पुण्याच्या पेढीवर रक्कम भरी. सावकार आपल्या काशीच्या आडत्यावर हुंडी लिही. ती जासूदाबरोबर अथवा कोणा विश्वासू यात्रेकरूबरोबर जाई. दर्शनी हुंडी असेल तर दाखवितांच पैसे मिळत. मुदती असेल तर लिहिलेले दिवस भरेपर्यंत थांबावें लागे. हुंडी गहाळ झाल्यास तिची पेठ, तीहि हरवल्यास परपेठ, असा क्रम होता, आणि तेवढे महिने म्हाताऱ्यानें उसनवारीवर काढावयाचे. त्यांत नाण्याचा भेद. पुण्यांत भरलेला अंकुशी अथवा चांदवडी रुपया काशींत चाले तो बनारसी होऊन, आणि या रूपांतरांत बट्टा जाई, हुंडणावळ निराळी. मुलानें शंभर लिहिले म्हणजे बापाच्या हातीं शंभर पडले असें मुळींच नाहीं. जुन्या घरांतून काशीकडील पत्रें सांपडतात, त्यांत मोक्ष, वैराग्य हे शब्द थोडे आणि हुंडी, बट्टा, महागाई हे शब्द पुष्कळ असतात. कांहीं अभ्यासक अशीं पत्रें क्षुल्लक म्हणून बाजूस सारतात. आम्हांस तीं एखाद्या दानपत्रापेक्षां अधिक बोलकीं वाटतात. दानपत्रांत देणाऱ्याचें नांव असतें, या पत्रांत घेणाऱ्याची गरज असते.

हुंडी पटविण्यासहि ओळख लागते. शाहाजोग हुंडीचे पैसे प्रतिष्ठित माणसाच्या हातींच मिळावयाचे. रायगड प्रांतांतल्या कोणा अनोळखी म्हाताऱ्याला बनारसच्या पेढीवर कोण ओळखणार? येथें तीर्थोपाध्याय पुढें येतो. उपाध्यायाच्या वहींत गांव, आडनांव, गोत्र, पूर्वी येऊन गेलेल्या पुरुषांचीं नांवें व सह्या असत. यात्रिकाला श्राद्धाच्या वेळीं पणज्याचें नांव आठवून देणें एवढाच त्या वहीचा उपयोग नव्हता. परमुलखांत ती माणसाच्या ओळखीचा दाखला होती. या उपाध्यायांच्या लोभाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्या निराधार नाहींत. दक्षिणेच्या हक्कावरून गंगापुत्र आणि पंचद्रविड ब्राह्मण यांच्यांत कडाक्याचे तंटे झाले. तरी आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्याचें पत्र लिहिणारा, त्याची हुंडी पटवून आणणारा आणि तो जिवंत असल्याचें त्याच्या मुलास कळविणारा माणूस पुष्कळदां हाच असला पाहिजे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

ज्यांस नेमणूक नव्हती, किंवा होती पण थांबली, त्यांना अन्नछत्राचा आधार. अहिल्याबाई होळकरांनीं विश्वेश्वराचें देवालय बांधविलें, तें सर्वांस माहीत आहे. त्यांच्या अन्नदानाची आठवणहि लोकांत टिकून आहे. नागपूरकर भोंसले, शिंदे, पेशवे या सर्वांचा दानधर्म तेथें चाले. परंतु या दानधर्माचें प्रत्यक्ष चित्र ज्याच्याविषयीं मिळतें असा पुरुष म्हणजे अमृतराव पेशवे. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र. इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत त्यांनीं जनरल वेलस्लीशीं तह करून सालीना सात लक्षांचें पेन्शन पत्करलें आणि पुण्याचें राजकारण सोडून ते उत्तरेंत गेले. म्हणजे तेहि एका अर्थानें निवृत्त होऊन परमुलखांत राहिलेले गृहस्थच. काशींत त्यांनीं घाट बांधला, अन्नछत्र चालविलें. बिशप हेबर इ. स. १८२४ च्या सप्टेंबरांत काशीस आला. त्याच महिन्यांत अमृतरावांचा तेथें अंत झाला. हेबरनें आपल्या प्रवासवृत्तांत त्यांच्या वार्षिक दानाची ऐकीव हकीकत दिली आहे. त्यांच्या बागेला चार दरवाजे होते. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठीं उघडत आणि चौथा स्वतःसाठीं व चाकरांसाठीं राखीत. प्रत्येकास तांदूळ व रुपया मिळे. दान घेतलेल्यास लगेच बाहेर सोडीत नसत, कारण तो दुसऱ्यानें रांगेंत उभा राहील. दिवस मावळेपर्यंत त्याला आंतच बसवून ठेवीत. तेथें सावली, पाणी, देवदर्शन आणि सोबत यांची सोय असे.

हेबरच्या लिहिण्यांत किंचित् विनोदाची छटा आहे. आम्हांस मात्र त्या बागेंतील दिवसाचा विचार निराळ्या रीतीनें करावासा वाटतो. वर्षभर एका अंधाऱ्या खोलींत एकट्यानें राहणाऱ्या म्हाताऱ्याला एक दिवस सावलींत बसून आपल्या प्रांताच्या चार माणसांशीं बोलावयास मिळत असेल, तर रुपयाइतकीच तीहि प्राप्ति होती. ही आमची कल्पना आहे, पुरावा नव्हे. पण अन्नछत्राचा हिशेब वाचतांना शेरभर तांदळाच्या पलीकडे काय वाटलें जात होतें, याचा विचार करण्यास हरकत नसावी.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें नमूद केली पाहिजे. या सर्व व्यवस्थेचा लाभ मुख्यतः ब्राह्मणांस होई. अन्नछत्रांच्या पंक्ति जातीनें बांधलेल्या होत्या. धन्याबरोबर आलेला कुणबी गडी, पालखीचे भोई, कुळंबिणी, यांपैकीं कोणी धनी वारल्यावर तेथेंच राहून म्हातारे झाले असतील, तर त्यांच्या मुखीं कोणीं घांस घातला हें त्या कागदांतून कळत नाहीं. कागद लिहिणारे ज्या पंक्तींत बसले तिचेंच वर्णन त्यांनीं केलें. संशोधकानें तेवढ्यावरून काशीच्या महाराष्ट्रीय समाजाचें संपूर्ण चित्र मिळालें असें समजूं नये.

स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट. राधाबाई, बाजीरावांमागें काशीयात्रेस गेलेल्या काशीबाई, पुढें शिंद्यांच्या बायजाबाई, यांची नांवें इतिहासांत येतात, कारण त्यांच्याबरोबर कारकून होते. सामान्य विधवेबरोबर कारकून नसतो. तिला पोंचविण्यास दीर गेला, तो वर्षाची बेगमी ठेवून परतला. पुढें घरांत वांटण्या झाल्या आणि नेमणूक कोणी पाठवावी याचा निकालच लागला नाहीं, असें घडण्यास फारसें कांहीं लागत नसे. काशीस पाठविणें या शब्दप्रयोगांत भक्ति किती व घरांतून वाट लावणें किती, हें प्रत्येक घराण्यापुरतें निराळें तपासावें लागेल. अशा बाईला शेजारच्या घरांतील स्वयंपाक, सोंवळ्याचें पाणी भरणें, वाती वळणें यांवर गुजराण करावी लागे. तिला मदत मिळाली ती शेजारणींकडून, आणि शेजारणी हिशेब लिहून ठेवीत नसतात.

परमुलखांत राहणाऱ्यांवर आणखी एक संकट असतें, तें म्हणजे स्वराज्याच्या राजकारणाची झळ. इ. स. १७४२ च्या जूनांतील काशीचें एक पत्र राजवाड्यांनीं आपल्या साधनांत छापलें आहे, तें या दृष्टीनें पुन्हां वाचावें. मल्हारराव होळकरांच्या मनांत ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचें देवालय पुन्हां उभारावें असें होतें. या वार्तेनें काशीच्या पंचद्रविड ब्राह्मणांस हर्ष व्हावा अशी आपली अपेक्षा, परंतु पत्रांत दिसते ती चिंता. बादशहाच्या हुकुमाशिवाय असें कांहीं झालें तर फौज निघून जाईल आणि त्याचें प्रायश्चित्त मागें राहिलेल्या ब्राह्मणांस प्राणांनीं द्यावें लागेल, असें त्यांचें म्हणणें. कोणी यास भित्रेपणा म्हणतात. हा शेरा अन्यायाचा आहे. घोडेस्वाराला कूच करतां येतें; क्षेत्रसंन्यास घेतलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. त्याच्या बाजूनें कोणी तरी बोलणें अवश्य होतें आणि तें काम तेथील वस्तीच्या मुख्य गृहस्थांनीं केलें. योगक्षेमांत अन्नाइतकेंच हें रक्षणहि मोडतें, म्हणून या पत्राला आम्हीं येथें स्थान दिलें.

शेवटीं मरण, ज्यासाठीं हा सर्व खटाटोप. मणिकर्णिकेवर नेण्यास खांदे लागतात, आणि पुत्र तर शेंकडों कोसांवर. स्वजातीय शेजाऱ्यांनीं जमावें, कोणीं तरी अग्नि द्यावा, दहा दिवसांचें उरकावें, आणि घरीं पत्र धाडावें. तें पत्र पोंचेपर्यंत दीड-दोन महिने जात. इकडे घरच्यांनीं तोंपर्यंत त्याला जिवंत मानून सणवार केलेले असत, आणि मग कळल्या दिवसापासून सुतक. कित्येक जण अंतसमयीं आतुरसंन्यास घेत. त्यांना अग्नि नाहीं, गंगेंत जलसमाधि. मागें राहिलेल्या वस्तूंचाहि प्रश्न असे. तांब्याचीं भांडीं, दोन धोतरजोड्या, पोथ्या, क्वचित् शें-पन्नास रुपये. बेवारशी माल सरकारांत जमा होण्याचा धाक असल्यामुळें शहाणा वृद्ध आधींच उपाध्यायाकडे अथवा सावकाराकडे याद लिहून ठेवी. पोथ्यांचे संग्राहक येथें लक्ष देतील तर बरें. काशींत नकललेली पोथी कोंकणांतील घरांत कशी आली, याचा उलगडा पुष्कळदां अशा एखाद्या मृत आजोबांच्या गांठोड्यांत असण्याचा संभव आहे. पोथीच्या शेवटच्या पानावरील तिथि आपण उतरून घेतों, परंतु तिच्याबरोबर बांधलेली यादी रद्दी समजून टाकतों.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली, तिचा परिणाम या वस्तीवर दोन तऱ्हांनीं झाला. एकीकडे पुण्यांतील सरदार-इनामदारांचें उत्पन्न खुंटलें. नेमणुका बंद झाल्या असाव्या असें मानण्यास जागा आहे. दुसरीकडे पेन्शनदार मंडळीच उत्तरेंत आली. दुसरे बाजीराव आठ लक्षांच्या पेन्शनीवर बिठूरास राहिले, त्यांचे बंधु चिमाजी आप्पा काशीस. चिमाजी आप्पांच्या पदरीं मोरोपंत तांबे होते आणि त्यांची कन्या मणिकर्णिका, पुढें झांशीची राणी लक्ष्मीबाई, काशींतच जन्मली. एका निवृत्त पेशव्याच्या पेन्शनीवर किती घरें उभीं होतीं याची कल्पना या एका उदाहरणानें येते. पण पेन्शन ही माणसाच्या हयातीपुरती. चिमाजी आप्पा वारले आणि तांब्यांना बिठूरची वाट धरावी लागली. बाजीराव १८५१ मध्यें वारले आणि त्यांचें पेन्शन कंपनीनें पुढें चालविलें नाहीं. अमृतरावांच्या वंशजांचा करवी येथील खजिना १८५८ मध्यें इंग्रजी फौजेनें लुटींत घेतला. राजघराण्यांच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्यांची ओंजळ अशी एकेक करून सुटली, आणि तरीहि काशीची महाराष्ट्रीय वस्ती मोडली नाहीं. आमचें मुख्य म्हणणें हेंच कीं, ती गल्लींतील परस्परसाह्यावर उभी होती. राजांचें द्रव्य तिला मिळालें, पण तिचा पाया तें द्रव्य नव्हतें.

ज्यांना जातां आलें नाहीं त्यांच्यासाठीं गंगाच घरीं येई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्यें द्रव्यार्जनासाठीं उत्तरेंत गेले, बंडांत सांपडले, नागवले, आणि अखेर काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत घरीं आले. त्यांच्या प्रवासवृत्ताची चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें छापलेली आवृत्ति आणि दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केलेला मूळ पाठ, हीं दोन्ही ताडून पाहण्यासारखीं आहेत.

पुढें काळ बदलला. इ. स. १८७० मध्यें जबलपुराकडून मुंबई-अलाहाबाद लोहमार्ग अखंड झाला आणि काशी थोड्या दिवसांच्या वाटेवर आली. मुलगा आजारी बापाला भेटून परत कामावर जाऊं लागला. पुष्कळ वृद्ध यात्रा करून घरींच येऊं लागले. १८८० मध्यें पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली; पेढी, आडत्या, पेठ-परपेठ, ओळख देणारा उपाध्याय, या सर्वांचें काम टपालवाल्यानें उचललें. वृद्धाची सोय झाली यांत शंका नाहीं. संशोधकाची मात्र गैरसोय झाली, कारण हुंडीच्या नकला लोक पिढ्यान्‌पिढ्या दप्तरांत बांधून ठेवीत, मनीऑर्डरीची पावती कोणी ठेवीत नाहीं.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं १८८० पूर्वींचे काशीकडील घरगुती कागद असतील, विशेषतः हुंड्यांच्या नकला, उपाध्यायांचीं पत्रें, मृतांच्या सामानाच्या याद्या, स्त्रियांच्या नेमणुकीचे तंटे, त्यांनीं ते किरकोळ म्हणून वेगळे काढूं नयेत, ज्या रुमालांत मिळाले त्याच रुमालांत त्याच क्रमानें ठेवावे, आणि निदान त्यांची याद करून मंडळाकडे पाठवावी. मोडी वाचण्यास अडचण पडत असेल त्यांनीं कागदच दाखविण्यास आणावे. वाचून देण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.